डफड्याखालचा जाळ

माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा आहे. ठार बहिरा. एवढं एक वाक्य मी आमच्या नगरपालिकेच्या एकाच खिडकीपुढे सहा वर्षं म्हणत होते. अजूनही ते शब्द तोंडातून निघाले की माझा आवाज चढतो, आणि घरातले म्हणतात, जाऊ दे ना आता. का जाऊ दे? ज्यांनी जाऊ दिलं ते पेन्शन घेऊन सुखात बसलेत.

आमचं गाव वर्धेहून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर कुणीतरी फोन करून विचारील, एवढ्याशा घरटॅक्साचं काय घेऊन बसलात बाई? मी लग्न होऊन वर्धेला आले, तिथल्याच शाळेत मास्तरीण झाले. दादा गावातच राहिला. त्यानं लग्न केलं नाही, म्हणजे त्याच्याशी कुणी केलं नाही. गावातल्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो कामाला होता. तिथं बाकीचे कामगार वर्षानुवर्षं त्या खडखडाटात राहून बहिरे व्हायचे, हा आधीच होऊन आलेला, म्हणून मालक खूश. पण दादाची खरी किंमत होती ती त्याच्या तळहाताची. चालत्या मशीनच्या अंगावर हात ठेवून तो सांगायचा, बिघाड कुठं आहे. बाहेरून आलेला मिस्त्री दोन दिवस डोकं खाजवायचा आणि शेवटी दादालाच बोलवायचा.

त्या कमाईतून त्यानं दोन खोल्यांचं घर बांधलं, स्वतःच्या नावावर. अक्षरं त्याला फारशी येत नाहीत. स्वतःचं नाव येतं आणि आकडे पक्के येतात. दाराच्या मागे खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली असायची, वाण्याच्या दुकानात असते तशी. एप्रिल लागला की पहिल्याच आठवड्यात दादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नगरपालिकेत जाणार, टॅक्स भरणार आणि घरी येऊन पावती त्या तारेत खुपसणार. एकही वर्ष चुकलं नाही.

आमच्या घरात आमच्याच खुणा होत्या, शाळेत शिकवतात तसल्या नव्हेत. मी म्हणजे खांद्यांवरून खाली येणाऱ्या दोन वेण्या. मला नातवंडं झाली, केस अर्ध्यावर आले, तरी दादासाठी मी दोन वेण्याच. नगरपालिका म्हणजे तळहातावर मूठ आपटणं, शिक्का मारल्यासारखी. आणि एक खूण त्यानं स्वतःच काढलेली होती. डाव्या हाताचं एक बोट उभं धरायचं आणि उजव्या हातानं त्यात कागद खुपसल्यासारखं करायचं. चुकतं झालं, आता कुणाचं काही देणं नाही, असा तिचा अर्थ. ही खूण तो टॅक्सापुरती ठेवायचा नाही. जेवून उठला की ती, भांडण मिटलं की ती. आई गेली तेव्हा तेरावं उरकल्यावर अंगणात उभं राहून त्यानं हीच खूण मला केली होती.

आता डफड्याचं सांगते, कारण त्याच्याशिवाय हे सगळं सांगण्यात अर्थ नाही. दादाला या जगातला एकच आवाज ठाऊक होता, आणि तो होता डफड्याचा. लहानपणी पोळ्याच्या दिवशी बाबा त्याला खांद्यावर घेऊन बैलांच्या रांगेपाशी न्यायचे. डफडं वाजायला लागलं की दादा स्वतःच्या छातीवर हात ठेवायचा आणि आवाज करून हसायचा. एरवी तो हसताना आवाज करत नसे. पुढं मोठा झाल्यावर गावातल्या डफडेवाल्यांशी त्याची दोस्ती जमली. वाजवण्याआधी डफडं जाळावर शेकावं लागतं, म्हणजे कातडं ताणून बसतं. ते काम दादाचं. पोळा असो, कुणाची वरात असो, दादा जाळ करून उकिडवा बसायचा, डफडं शेकायचा, तळव्यानं दाबून पाहायचा आणि नीट ताणलं गेलं की मानेनं सांगायचा, वाजव आता. त्याचा अंदाज चुकत नसे.

नव्वदनंतर केव्हातरी नगरपालिकेनं ठराव केला की अपंगाच्या स्वतःच्या नावावर घर असेल तर घरटॅक्सात सूट मिळेल. बातमी मला कळली, अर्ज मी लिहिला. यात दादाचा काही हात नाही, हे मला आधीच सांगून टाकू द्या. त्यानं कुणाकडे कधी सूट मागितली नव्हती. मीच शहाणी. हक्काचं आहे ते का सोडायचं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायची. अर्धे शनिवार ऑफिस बंद असायचं, उरलेल्यांतल्या अर्ध्या शनिवारी बाबू जागेवर नसायचा. हा कर विभागाचा बाबू गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा. पहिल्यांदा दादाला घेऊन गेले तेव्हा त्यानं दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"बाई, हा तं चांगला धडधाकट दिसून राह्यला. हात हायेत, पाय हायेत."

"बहिरा आहे. अर्जात लिहिलंय."

"लिहाले काय लागते?"

दादा भिंतीलगतच्या लाकडी बाकावर बसला होता, खिडकीतून बाहेर बघत. बाबू उठला, आकारणीचं ते भलंमोठं रजिस्टर दोन्ही हातांनी उचललं, हळूच दादाच्या मागं गेला आणि बाकाच्या टोकावर धाडकन आपटलं. दादा दचकून वळला. वळणारच! बसल्या जागेचा बाक हादरला होता.

"पाहा, फिरला का नाई? अन् म्हणे ऐकू येत नाई!"

मी म्हटलं, "अहो, बाक हादरला. त्याला हादरा कळतो."

"हादरा म्हंजे आवाजच ना बाई? तुमी तं मास्तरीन हाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा मीच शिकवत होते, आवाज म्हणजे कंप, आणि आता तोच धडा हा माणूस माझ्या भावावर उलटवत होता. ऑफिसातले बाकीचे हसत होते. दादाही हसला, कारण सगळे हसताना दिसले. बाबूनं तिथल्या तिथं फाइलवर टिपण लिहिलं, अर्जदारास अंशतः ऐकू येत असल्याचे दिसून आले, सबब फेरतपासणी आवश्यक. एक रजिस्टर आपटून त्यानं कानाच्या डॉक्टरचं काम उरकलं.

नागपूरला नेऊन दादाची मशीनवर तपासणी केली आणि शंभर टक्क्यांचा दाखला आणला. तो आवक टेबलावर दिला, शिक्का मारून घेतला. पुढच्या वेळी विचारलं तर दाखला फाइलला लागलेलाच नव्हता. मग लागला, तर ते बाबूचं टिपण आणि डॉक्टरचा दाखला यांत विसंगती आहे म्हणून फाइल वरच्या साहेबांकडे गेली. साहेब बदलले. नव्यांनी फाइल चर्चेसाठी ठेवली. मग निवडणूक आली. मी विचारायची, चर्चा कुणी कुणाशी करायची आहे ते सांगा, मी त्यांना एकमेकांसमोर आणून बसवते. बाबू म्हणायचा, बाई लय गरम होतात.

आणि एका शनिवारी त्यानं मला सल्ला दिला. जवळ बोलावून, आवाज खाली आणून, घरच्या माणसासारखा.

"बाई, एक काम करा. याचा निकाल लागेलोक टॅक्सच भरू नका. भरला म्हंजे तुमाले जमून राह्यलं, असा अर्थ होते. मंग सूट कायची? प्रकरणच बंद होऊन जाते."

मला ते पटलं. इतकी वर्षं वर्गात मुलांना सांगत आले की जे सांगाल ते लिहून द्या, आणि मी मात्र त्या माणसाला लिहून द्या म्हटलं नाही. उलट आभार मानले. त्यानं मागवलेला चहा प्याले.

एप्रिल आला. दादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून निघाला. मी त्या दिवशी मुद्दाम गावी गेले होते. दारातच त्याचं मनगट धरलं. मूठ तळहातावर आपटली आणि नाही म्हणून मान हलवली. त्याला कळेना. त्यानं तारेची खूण केली. मी पुन्हा मान हलवली. थांब. मी बघते. शेवटी त्यानं सदरा काढून खुंटीला लावला. घरात शिकलेली मी होते ना.

त्या वर्षी तारेत पावती गेली नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्याऐवजी नगरपालिकेच्या नोटिसा यायला लागल्या. शिपाई यायचा, दादा सही करून घ्यायचा आणि शिक्का दिसतोय म्हणून तारेत खुपसायचा. आकडे मात्र त्याला वाचता येत होते, आणि दर नोटिशीत आकडा फुगलेला. दोनदा त्यानं तो कागद माझ्यासमोर धरून आकड्यावर बोट ठेवलं, कपाटाकडे हात केला. पैसे आहेत, भरून टाकू. दोन्ही वेळा मी त्याचा हात बाजूला केला. दुसऱ्यांदा जरा जोरातच. मी बाबूला विचारलं तेव्हा तो म्हणाला, नोटिसा काय बाई, त्या आपोआप निघतात.

मार्च महिना म्हणजे वसुलीचा. त्या वर्षी नगरपालिकेनं नवीन टूम काढली होती. थकबाकीदाराच्या दारासमोर डफडं वाजवायचं, यादीतलं नाव मोठ्यानं वाचायचं, लोकांना कळू द्यायचं. गावातल्या मोठमोठ्या गोदामवाल्यांच्या, मंगल कार्यालयवाल्यांच्या दारात ते किती वेळा वाजलं ते मला माहीत नाही. आमच्या गल्लीत वाजलं, एवढं मी पाहिलं.

शनिवार होता. स्टँडवर उतरून मी चालत गल्लीच्या तोंडाशी आले तर पुढं गर्दी. लोक दारादारांत उभे, मधे रस्त्यावर जाळ पेटलेला. मला वाटलं, कुणाच्या घरी हळद आहे. जाळापाशी दादा उकिडवा बसला होता, हातात डफडं घेऊन. ते पाहून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. शेजारीण मागाहून म्हणाली की वसुलीचे लोक रद्दी कागद पेटवून शेकत होते, जाळ काही धरेना. तेव्हा दादा स्वतः परसात गेला आणि मावतील तेवढ्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घेऊन आला, चुलीसाठी रचून ठेवलेल्या. आपल्याच दारात आपलीच अब्रू काढायला आलेल्यांचं डफडं माझ्या भावानं स्वतःच्या सरपणावर शेकून दिलं. तळव्यानं दाबून पाहिलं, पुन्हा शेकलं, पुन्हा दाबलं. आणि मानेनं सांगितलं, वाजव आता.

डफडेवाला वाजवायला लागला. तो जुना ओळखीचा, पोळ्याचाच. त्याची मान खाली होती. दादा घराच्या पायरीवर उभा राहिला, छातीवर हात ठेवून, आणि आवाज करून हसला.

तेव्हाच मला डफडेवाल्याच्या पलीकडे बाबू दिसला. हातात यादी, डोक्याला उन्हाचा रुमाल. त्यानं दादाचं नाव वाचलं, घर नंबर वाचला, आकडा वाचला. एका ठार बहिऱ्या माणसाच्या दारात उभा राहून तो त्याचं नाव घसा ताणून ओरडत होता. सहा वर्षं मी जे सांगत होते ते त्याला पटलं नसेल, तर त्या दिवशी तरी पटायला हवं होतं.

दादाला हळूहळू कळत गेलं. मी गर्दीतून वाट काढत होते आणि त्याचा चेहरा बघत होते. डफडेवाला वर बघत नाही, हे त्याला पहिलं दिसलं. मग दारातल्या बाया, तोंडाला पदर लावलेल्या. मग समोरच्या घरातल्या एका माणसानं त्याच्याकडे बघून अंगठा बोटावर घासला, पैशाची खूण, आणि त्याच्या दाराकडे बोट दाखवलं. दादानं छातीवरचा हात काढला. पायरी उतरून बाबूच्या हातातल्या यादीत पाहिलं. स्वतःचं नाव त्याला वाचता येतं.

तो घरात गेला आणि तार घेऊन आला. सगळ्यांसमोर ती वर धरली आणि एकेक पावती उलटवत गेला. हे वर्ष, हे वर्ष, हे वर्ष. बघा. पावत्या संपल्या आणि नोटिसा आल्या. त्यांच्यात तो शोधत राहिला, पुढं मागं करत, आणि त्याला उमगलं की त्यांच्यात पावती एकही नाही. मी बघते म्हटलं म्हणजे मीच भरत असेन, असं त्यानं धरलं होतं. तोपर्यंत मी त्याच्यापाशी पोहोचले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. हात खांद्यांवर नेऊन दोन वेण्यांची खूण केली. त्या गर्दीत तिचा अर्थ कळणारी मी एकटीच होते.

माझं डोकं फिरलं. बाबूला मी त्या गल्लीत जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. भरू नका म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, मी ओरडले. त्यानं रुमालानं मान पुसली.

"मी काऊन असं म्हनीन बाई? लेखी हाय काय तुमच्यापाशी?"

डफडेवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, मी म्हटलं व्हतं याच्या दारात नोको. तं म्हंतात, रोजी पायजे का नाई? माह्याबी घराचा टॅक्स थकून हाय." त्याच्यावर मी काय रागवायचं?

दुसऱ्या दिवशी रविवार. अर्ज घेणारी खिडकी शनिवारीही धड उघडत नसे, पण मार्चात वसुलीची खिडकी रविवारीसुद्धा उघडी. दादा एकटा गेला. मला बरोबर घेतलं नाही. सगळी थकबाकी दंडासकट भरून आला आणि पावती तारेत खुपसली. ती खूण मात्र त्यानं मला केली नाही.

पंधरा दिवसांनी अर्जाचं उत्तर आलं. सहा वर्षांत आलेलं ते पहिलं लेखी उत्तर. अर्जदार थकबाकीदार असल्याने सवलत अनुज्ञेय नाही. मी तो कागद वाचून इतक्या मोठ्यानं हसले की माझे यजमान स्वयंपाकघरातून धावत आले. मग मी नव्यानं अर्ज केला. का, ते विचारू नका. हट्ट म्हणा. नवं शतक लागून गेल्यावर, त्या बाबूची बदली झाल्यावर, सूट मंजूर झाली. मंजुरीचा कागद घेऊन मी दादाकडे गेले तर तो घाबरला. आकडा नेहमीपेक्षा कमी. कमी भरलं तर बाकी राहील, बाकी राहिली तर ते परत येतील. त्यानं खिडकीत जुन्याच आकड्याइतके पैसे ठेवले, आणि वरचे परत दिले तर घेईना. नव्या कारकुनानं मला निरोप पाठवला, तुमच्या भावाला समजावा.

त्या मार्चनंतर पोळ्याला दादा बाहेर आला नाही. डफडं वाजायला लागलं की तो खाटेवर पाय वर घेऊन बसायचा, जमिनीतून काही कळू नये म्हणून. गावातल्या लोकांना वाटलं, वय झालं. ज्या माणसाला आयुष्यात एकच आवाज मिळाला होता, त्याचा तोही त्यांनी घेतला, आणि हे नुकसान कोणत्या खिडकीत अर्ज करून भरून मागायचं ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं, वर्धेलाच. मामानं नवरीला बोहल्यापर्यंत आणायचं, म्हणून दादाला नवा सदरा शिवला, फेटा बांधला. तो खूश होता. भाचीचा हात धरून तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता, मी शेजारीच. आणि वरात कार्यालयापाशी आली. वराकडच्यांनी बँडसोबत डफडंही आणलं होतं. मी विचारायला हवं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही.

फरशीतून ते त्याच्या पायांना कळलं. त्यानं भाचीचा हात सोडला आणि तो सरळ बाहेर निघाला, वऱ्हाड्यांना बाजूला करत. मी त्याच्यामागं धावले. फाटकात डफडेवाला घामाघूम होऊन वाजवत होता, परगावचा, आम्हाला न ओळखणारा. दादा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. नव्या सदऱ्याच्या खिशातून त्यानं प्लास्टिकची छोटी पिशवी काढली, तिच्यातून घडी घातलेला कागद काढला आणि उलगडून त्याच्या तोंडासमोर धरला. त्या वर्षीची टॅक्सची पावती होती. मग ती दातांत धरून त्यानं डावं बोट उभं केलं आणि उजव्या हातानं खूण केली. चुकतं आहे. पुन्हा केली. डफडेवाल्याला वाटलं, नवरीचा मामा खूश होऊन नाचायला आलाय. त्यानं हसून हात आणखी जोरात चालवला.

मी दादाच्या समोर गेले. पावती त्याच्याकडून घेतली, तारीख वाचली, आकडा वाचला, बोट ठेवत, त्याला दिसेल असं वाचलं. आणि माझं बोट उभं धरून त्याचीच खूण त्याला केली. झालं दादा, चुकतं आहे, कुणाचं काही नाही.

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. मग पावती माझ्याकडून काढून घेतली आणि पुन्हा डफडेवाल्यापुढे धरली.